काळ्या द्राक्षांची पांढरी वाइन

झुरिकहून दक्षिणेला निघालेली गाडी गोथार्डच्या जुन्या बोगद्यात शिरते, तोवर कानावर जर्मन पडत असते. १८८२ साली खुला झालेला हा पंधरा किलोमीटरचा बोगदा ओलांडून आइरोलो आलं, की फलाटावर इटालियन सुरू होते. हा तिचिनो. आल्प्सच्या दक्षिण उतारावर वसलेला, स्वित्झर्लंडचा इटालियन बोलणारा प्रांत. आता ५७ किलोमीटरचा नवा बोगदा झाला आहे. त्यानं वेळ वाचतो, पण माझं ऐकाल तर जुन्याच मार्गानं या. खाली उतरताना जोर्निकोजवळ द्राक्षवेली दिसू लागतात. इथल्या जुन्या बागांत दगडी खांबांवर मांडव घालून वेली चढवलेल्या असत. खालची जमीनही मोकळी ठेवणं परवडत नसे, तिथं गवत नाहीतर भाजीपाला निघे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुळांवर जगणाऱ्या फायलॉक्सेरा किडीनं युरोपभरच्या बागा उद्ध्वस्त केल्या, त्यात तिचिनोही होता. अमेरिकी खुंटांवर कलमं करून बागा नव्यानं उभ्या करायच्या, तर जात कोणती निवडायची? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोर्दोहून आलेली मेर्लो ही काळी द्राक्षं इथं लावून पाहिली. ती अशी रुजली, की आज तिचिनोतल्या साधारण पाचातल्या चार बागा मेर्लोच्याच आहेत.

पण एकाच जातीवर सगळा प्रांत उभा राहिला की अडचणीही येतात. लुगानो आणि लोकार्नो या तळ्याकाठच्या गावांत उन्हाळ्यात पाहुण्यांची गर्दी होते. तळ्यातल्या मासळीबरोबर त्यांना थंडगार पांढरी वाइन हवी असते, आणि बागेत तर सगळे घड काळे! विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या वाइनकारांनी उत्तर काढलं, ते त्याच घडांतून.

मेर्लोचा मणी बोटात धरून चिरडून पाहा. रस जवळजवळ बिनरंगी असतो. रंग असतो सालीत. लाल वाइनसाठी रस सालींसकट आंबवतात, म्हणून तो रंग उतरतो. पांढरीसाठी घड तोडल्याबरोबर अख्खे प्रेसमध्ये घालायचे, हलका दाब द्यायचा आणि साली ताबडतोब वेगळ्या करायच्या. जोर जास्त झाला किंवा उशीर झाला, की रसाला गुलाबी झाक येते. मग हा रस थंड टाक्यांत सावकाश आंबवतात. आंबटपणा टिकावा म्हणून या घडांची तोडणीही जरा लवकर होते.

लवकर तोडण्याचं महत्त्व नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना सांगायला नको. तिचिनोत ऊन भरपूर, पण पाऊसही तसाच. अनेक ठिकाणी वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या वर. गारपिटीच्या भीतीनं वेलींवर जाळ्या टाकतात. पावसाळी वर्षी साल नीट पिकत नाही आणि लाल वाइन कच्ची, तुरट लागते. पांढरीला सालीची फारशी गरजच नाही. म्हणून तिला नुसतं पर्यटकांसाठी काढलेलं पेय म्हणणं मला पटत नाही. या हवेत द्राक्ष पिकवणाऱ्यांनी शोधलेली ती शहाणी वाट आहे.

माँते चेनेरी ही खिंड प्रांताचे दोन भाग करते. उत्तरेला ग्रॅनाइटची, वाळूमिश्रित, हलकी जमीन. दक्षिणेला मेंद्रिझिओकडे चुनखडी आणि चिकणमाती. जमिनीचा हा फरक वाइनमध्ये उतरतो, असं इथले लोक ठामपणे सांगतात. पांढऱ्या मेर्लोला साधारणपणे नासपती, सफरचंद आणि पांढऱ्या फुलांचा वास असतो. काही जण ती ओकच्या पिंपात मुरवतात. मला मात्र पिंपाविनाची जास्त आवडते, कारण तिच्यात फळ स्पष्ट लागतं.

ती घ्यायची तर ग्रोत्तोत जाऊन. पूर्वी डोंगराच्या कपारीत वाइन आणि चीज थंड ठेवण्याच्या ज्या जागा होत्या, त्यांच्याच पुढं या साध्या खाणावळी झाल्या. झाडाखाली दगडी मेज, ताटात मक्याच्या पिठाचा पोलेंटा किंवा तळ्यातला मासा. तिथं एकाच वाइनकाराची पांढरी आणि लाल मेर्लो, दोन्ही मागवा. पांढरी आधी घ्या, कारण लालनंतर तिचा नाजूक वास लागत नाही.