उजव्या हाताचं ओझं
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषण)



बाप्पाच्या मंडपात उभं राहून त्यांच्याच वाहनाची तक्रार करायची, म्हणजे आधी कान धरायला हवेत. पण आमची तक्रार संगणकाच्या माऊसबद्दल आहे, तेव्हा बाप्पा सांभाळून घेतील.

हा माऊस तसा जुनाच. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो लोकांसमोर चालवून दाखवला. त्याचा पहिला नमुना तर चक्क लाकडी होता.

आम्ही सरकारी कचेरीत नकाशे आणि अंदाजपत्रकं करणारी माणसं. डिप्लोमाला ड्रॉइंग बोर्डावर रेघा मारायचो, तेव्हा खांद्यापासून सगळा हात फिरायचा. आता मनगट दिवसभर एका जागी आणि एकच बोट टिकटिक करतं.

गेल्या गणपतीत याच मंडपात आरतीला झांज घेतली आणि उजव्या मनगटातून अशी कळ गेली, की ती शेजारच्या मुलाकडे द्यावी लागली. वर म्हटलं, 'आता मुलांनी वाजवावं.' खरं कारण घरीही सांगितलं नाही. पुढे कचेरीत विषय निघाला तेव्हा कळलं, आम्ही चौघांपैकी तिघं हेच दुखणं लपवत होतो.

डॉक्टरांनी आधी आमची बसण्याची पद्धत विचारली. कीबोर्डच्या उजव्या टोकाला आकड्यांच्या कळा, त्यांच्याही पलीकडे माऊस. म्हणजे हात सतत बाहेर ताणलेला आणि मनगट मोडलेलं. लॅपटॉपला असतो तसा ट्रॅकपॅड डेस्कटॉपसाठी सुटा मिळतो. त्याचं मागणीपत्र टेबलावरून टेबलावर फिरत राहिलं, शेवटी आम्ही पदरच्या पैशांनी आणला.

पहिला आठवडा वैतागात गेला. बाण एकीकडे, बोट दुसरीकडे! मग हात बसला. एक बोट फिरवलं की बाण हलतो, दोन बोटं सरकवली की पान वरखाली होतं, दोन बोटांनी टिचकी मारली की उजवं बटण दाबल्याचं काम होतं. बोट टेकलं की पॅडच्या पृष्ठभागावरच्या विजेच्या क्षेत्रात बारीक फरक पडतो, तो त्याला कळतो. म्हणून ओल्या हातांनी मात्र तो बिथरतो. जोर लावून दाबायची गरज नसते. 'टिचकीने क्लिक' ही सोय सेटिंगमध्ये सुरू करून घ्यावी, नाहीतर मनगटाचं दुखणं अंगठ्यात यायचं.

खरं सांगायचं तर नकाशाच्या कामाला माऊसच बरा. चाक दाबून नकाशा सरकवायचा, बारीक टोक अचूक पकडायचं, हे पॅडवर जमत नाही. म्हणून आम्ही वाटणी केली: नकाशाला उजवीकडे माऊस; पत्रं, तक्ते आणि वाचनाला डावीकडे पॅड. डावा हात इतकी वर्षं नुसता बसून होता, तोही कामाला लागला.

दुखणं पूर्ण गेलं असं नाही. काल एका आरतीपुरती झांज वाजवली, दुसरीला खाली ठेवली. या वेळी कारण मात्र खरं सांगितलं.

एवढीच विनंती. घरात मुलगी, सून, जावई, कुणी संगणकावरून उठून मनगट चोळताना दिसलं, तर विचारा. आपली माणसं स्वतःहून सांगत नाहीत. आम्हीही सांगितलं नव्हतं.

गणपती बाप्पा मोरया!