सातबाऱ्यावरची तीन अक्षरं

मी ३२ वर्षं सैन्यात होतो. निवृत्त झाल्यावर वाटलं होतं, आता नकाशे आणि फायली सुटल्या. पण सगळ्यात अवघड मोहीम त्यानंतरच वाट्याला आली. एक जुना कागद शोधायचा होता, आणि तोही आमच्याच गावात.

आमचं गाव साताऱ्याकडचं. वडील रेल्वेत होते, त्यामुळे आम्ही वाढलो झाशीला. शेती थोरले चुलते बघायचे, त्यांना आम्ही आबा म्हणायचो. १९८०च्या सुमारास वडील गावी गेले, सातबारा काढला, तर त्यावर एकट्या आबांचं नाव. वडील काही न बोलता परत आले आणि पुन्हा गावाला गेले नाहीत. थोरल्या भावानं आपल्याला फसवलं, एवढंच मनात धरून ते गेले. आबाही गेले. चुलत भावांशी आमचं बोलणं उरलं नाही.

निवृत्तीनंतर मी ठरवलं, जमीन मिळो न मिळो, नेमकं काय झालं ते कळलं पाहिजे. ते कसं शोधलं ते सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांचं गाव एका राज्यात आणि घर दुसऱ्या राज्यात आहे.

पहिली गोष्ट. सातबारा हा शेवटचा कागद आहे, पहिला नाही. आज कोणाचं नाव आहे ते तो सांगतो. ते नाव का लागलं, ते फेरफार सांगतो. फेरफाराची नोंदवही म्हणजे गाव नमुना ६. वारस, खरेदी, वाटणी, बोजा, जे काही घडलं त्याची नोंद तिथे क्रमांकानं होते. सातबाऱ्यावर नावाजवळ गोलात जे आकडे दिसतात, ते या फेरफारांचे क्रमांक. नाव कमी केलं की त्याला कंस करतात. म्हणून कंसातलं नाव आधी वाचा.

दुसरी गोष्ट. आजपासून मागे चालत जा. आम्ही फौजेत वाट चुकलो की शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे जायचो. इथेही तेच. प्रत्येक फेरफार त्याच्या आधीच्या नोंदीकडे नेतो. मध्येच वाट तुटते ती गटवारीपाशी. १९४७च्या कायद्याखाली एकत्रीकरण योजना झाली, तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना नंबर कोणत्या गटात गेला, हे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात कळतं. हा दुवा न जुळवता लोक महिनोन्महिने चुकीच्या नंबरावर अर्ज करत बसतात. मीही दोन महिने घालवले.

तिसरी गोष्ट. जुने कागद तलाठ्याकडे नसतात, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात. नकलेचा अर्ज करताना गाव, गट, फेरफार क्रमांक आणि वर्ष लिहा. ‘आजोबांची सगळी कागदपत्रं द्या’ असा अर्ज कोणीच शोधू शकत नाही. बऱ्याच जिल्ह्यांतले जुने कागद आता स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’वर आले आहेत, ते आधी बघा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले कागद मोडीत असतील, तर जाणकार गाठा. आणि ‘सापडत नाही’ असं तोंडी उत्तर मिळालं, तर १० रुपये भरून माहितीच्या अधिकारात अर्ज करा. ३० दिवसांत लेखी उत्तर देणं त्यांना भाग आहे.

मला चौथ्या फेरीत १९६२चा फेरफार मिळाला. आजोबा वारल्याची वारसनोंद. त्यात आबांच्या नावापुढे तीन अक्षरं होती, ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन सगळ्यांची, आबा फक्त कारभारी. पुढे हाती लिहिलेला सातबारा नव्या वहीत उतरवताना कोणीतरी ती तीन अक्षरं गाळली. कोणी चोरी केली नव्हती. आबांना सातबारा वाचताही येत नव्हता.

पण त्याच पानावर, इतर हक्कांच्या नोंदीत, आणखी एक नाव होतं. आत्याचं. तेही त्याच उतरवणीत गळलं होतं. चाळीस वर्षं आम्ही आमच्यावरच्या अन्यायाचं दुःख बाळगून होतो, आणि आत्याचाही हिस्सा आहे हे आमच्या घरात एकदाही कोणी बोललं नव्हतं. वडील नाहीत. मीही नाही.

नक्कल घेऊन मी थेट वकिलाकडे गेलो नाही. आधी चुलत भावाकडे गेलो. अण्णांनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं आणि म्हणाले, “मग तुम्ही इतकी वर्षं आला का नाहीत?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लिहिताना झालेली चूक महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्त होते. आम्ही तिघांनी मिळून तहसीलदारांकडे अर्ज केला, आत्यासकट. वर्षापेक्षा जास्त लागलं, पण नावं लागली. एक ध्यानात ठेवा. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. मालकीचाच वाद असेल तर दिवाणी न्यायालयात जावं लागतं.

राज्य बदललं की कागदाचं नाव बदलतं. गुजरातेत सातबाराच म्हणतात, कारण १९६०पर्यंत राज्य एकच होतं. कर्नाटकात पहाणी, मध्य प्रदेशात खसरा, गोव्यात फॉर्म एक आणि चौदा. पण मागे चालत जायची रीत सगळीकडे तीच.

आणि लांब राहणाऱ्यांनी एक सवय लावून घ्या. महाराष्ट्रात नवा फेरफार मंजूर होण्याआधी हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि ती नोटीस ‘आपली चावडी’ संकेतस्थळावर दिसते. महिन्यातून दोनदा आपल्या गावाचं पान उघडा. पाच मिनिटं लागतात.

घरात सातबारा असेल तर आज रात्री बाहेर काढा. गोलातले आकडे वाचा, कंसातली नावं वाचा. आणि कोणाचं नाव तिथे असायला हवं होतं पण नाही, तेही बघा. बहुतेक वेळा ते घरातल्या बाईचं असतं.

जय हिंद.