पोलादपूर : नकाशा आणि शिरगणती
(महाडला निघालेल्या पोरांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला विषय दिलाय ‘पोलादपूर : भूगोल आणि लोकसंख्या’. विषय वाचून मागच्या रांगेतली दोघं हसली. हसा. शाळेत भूगोल म्हंजे मास्तर नकाशा टांगायचा, काठीनं गंगा-यमुना दाखवायचा आणि घंटा व्हायची. त्या नकाशात आपलं गाव कधी नव्हतंच. म्हणून आज बोलायचंय.

तुमच्यातले निम्मे तरी महाड-पोलादपूर-मंडणगडकडचे आहेत. आजा गिरणीत, बाप गोदीत नाय तर म्युन्शिपाल्टीत, आणि तुम्ही इथं. गाव विचारलं की ‘महाड’ सांगून मोकळे होता. पोलादपूर सांगायची लाज वाटते, कारण समोरचा विचारतो, ‘ते कुठं आलं?’

तर ते कुठं आलं ते आधी सांगतो. मुंबई-गोवा महामार्गानं महाड ओलांडलं की वीसेक किलोमीटरवर पोलादपूर. तिथं रस्ता फुटतो. एक सरळ कशेडी घाटानं खेडला, रत्नागिरी जिल्ह्यात. दुसरा आंबेनळी घाटानं वर महाबळेश्वरला. तीन बाजूंना सह्याद्रीचे डोंगर आणि मधे सावित्री नदी. ही नदी महाबळेश्वरात उगवते, पोलादपुरावरून महाडला येते, तिथं तिला गांधारी मिळते, आणि पुढं दासगावावरून बाणकोटच्या खाडीत जाते. शिवभारत लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात आहे. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ याच तालुक्यात. ही नावं पाठ्यपुस्तकात आली. त्याच मातीत राबणाऱ्या कुणब्याचं, कातकऱ्याचं, धनगराचं, महाराचं नाव कुठल्या धड्यात आलं?

आता पाऊस घ्या. इथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आणि याच तालुक्यात मे महिन्यात टँकर फिरतो! हा निसर्गाचा चमत्कार नाय. डोंगर उभा, खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर. पाणी पडतं आणि पळतं. ते अडवायला पैसा लागतो आणि इच्छा लागते. अडवता येतं हे सिद्ध झालंय. सावित्रीवर पोलादपूर तालुक्यातच राणबाजिरे धरण बांधलं, ते महाडच्या औद्योगिक वसाहतीला पाणी देण्यासाठी. म्हंजे रसायनाच्या कारखान्याला पाणी पोचतं आणि वरच्या वाडीतली बाई हंडा घेऊन टँकरची वाट बघते. पाण्याला उतार कळतो हे खरं, पण पाइपलाइन कुठं न्यायची ते माणूस ठरवतो.

आणि वाडी. कोकणातलं गाव एका ठिकाणी नसतं, ते वाड्यावाड्यांत विखुरलेलं असतं. आपली वाडी कुठं असते? कडेला. पाण्याच्या खालच्या अंगाला. वरच्यांनी आंघोळ केली, गुरं धुतली, की उरलेलं आपलं. भाताची खाचरं खोतांची आणि आपल्या वाट्याला वरकस जमीन, नाचणी-वरीची. खोती 1949 च्या कायद्यानं गेली, महारकी वतन 1958 च्या कायद्यानं गेलं. कायदा कागदावरून वतन काढतो. वाडीची जागा मात्र तशीच राहते. जातीचा नकाशा बघायचा असेल तर गावची विहीर, देऊळ आणि बौद्धवाडी यांच्यातलं अंतर पावलांनी मोजा. गावी जाल तेव्हा मोजाच.

आता माणसं. 2011 च्या जनगणनेत पोलादपूर तालुक्याची लोकसंख्या 45,464 होती. त्याच वेळी सगळ्या रायगड जिल्ह्याची 26,34,200. नीट ऐका, त्या दहा वर्षांत जिल्हा वाढला. पनवेल-उरणकडं माणसांचा पूर आला. आणि पोलादपूर तालुका घटला! तिथं बायांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त. मुलींचा मान वाढला म्हणून नाय हो. पुरुष मुंबईला गेले म्हणून. आपल्या आज्या उभं आयुष्य मनीऑर्डरवर आणि शिमग्या-गणपतीला येणाऱ्या नवऱ्यावर जगल्या. गिरण्या चालल्या तोवर मनीऑर्डर आली. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि त्यानंतर कितीक चुली नुसत्या नाचणीवर राहिल्या. लोकसंख्येच्या तक्त्यात हे येत नाय. तिथं फक्त आकडा.

पण आकड्याला कमी समजू नका. इथंच आपली पोरं चुकतात. घोषणा दिली, भाषण ठोकलं, घरी गेले. कागद कोण वाचणार?

या भागानं कागदाची लढाई फार आधी ओळखली. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर, पलटणीतनं निवृत्त झाल्यावर 1888 साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहितात. 1923 ला मुंबई कायदे कौन्सिलात बोल्यांचा ठराव होतो, 1924 ला महाड नगरपालिका चवदार तळं सगळ्यांना खुलं करते. कागदावर! तीन वर्षं एकाही अस्पृश्यानं त्यातलं पाणी प्यायलं नाय, कारण कागद पाणी पाजत नाय. त्याला 20 मार्च 1927 लागला. बाबासाहेब ओंजळ भरून पाणी प्याले आणि मागनं हजारो. मग डोकी फुटली. मग तळ्याचं शुद्धीकरण झालं. मग त्याच नगरपालिकेनं तोच ठराव मागे घेतला. 25 डिसेंबर 1927 ला मनुस्मृती जळाली, आणि तिकडं दावा कोर्टात उभा राहिला. तो दहा वर्षं चालला. 1937 च्या मार्चमध्ये हायकोर्टानं निकाल दिला : अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवायची वहिवाट अनादिकाळापासूनची होती, हे सवर्णांना सिद्ध करता आलं नाय. बाबासाहेब तळ्यावरही लढले आणि दफ्तरातही लढले. एक पाय पाण्यात, एक कोर्टात.

आता आपल्या पुढ्यातलं दफ्तर बघा. 2021 ची जनगणना झालीच नाय. 16 जून 2025 च्या अधिसूचनेनं पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख 1 मार्च 2027 ठरवली, आणि यात सगळ्यांची जात मोजायचं सरकारनं जाहीर केलंय. तारीख ध्यानात घ्या. 1 मार्च 2027. त्यानंतर एकोणीस दिवसांनी चवदार तळ्याला शंभर वर्षं!

जुना हिशोब सांगतो. 1951 च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या मुलखात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास. 1956 ला धर्मांतर झालं. 1961 ला बौद्ध झाले सुमारे 28 लाख. केवढी मोठी गोष्ट! पण बौद्ध लिहिला की माणूस अनुसूचित जातीच्या रकान्यातून बाद, असा केंद्राचा नियम. तो 1990 ला बदलला. तोवर तीन जनगणना होऊन गेल्या. कोकणातल्या गावांत बौद्धवाडी भरलेली आणि अनुसूचित जातीचा आकडा मात्र इवलासा. हा आकडा फुकटचा नसतो. राखीव जागा किती, हे त्याच्यावर ठरतं. निधी किती, तेही त्याच्यावरच.

2011 ला आमच्या गावी गणती करायला एक मास्तर आला. माझ्या चुलत्यानं सांगितलं, ‘बौद्ध’. मास्तर म्हणाला, ‘बरं, मग जात नाही’, आणि पुढच्या घरी गेला. चुलता खूश, मास्तर खूश. एका मिनिटात सहा माणसं रकान्यातून गेली. 1990 च्या कायद्याला वीस वर्षं होऊन गेली होती. मास्तरला ठाऊक नव्हतं आणि माझ्या चुलत्यालाही. मास्तरवर मी चिडलो, पण चुलत्याला हे कुणी सांगायचं होतं? मी सांगायचं होतं. मी त्या दिवशी मुंबईत पोस्टर चिकटवत होतो.

काहीजण म्हणतील, जात सोडली, मग पुन्हा ती कशाला उच्चारायची? प्रश्न रास्त आहे. मलाही ते नाव तोंडावर आणताना घास अडकल्यागत होतं. पण गावानं सोडलीय का? विहिरीनं, वाडीनं सोडलीय का? जखम दाखवल्याबिगर नुकसानभरपाई मिळत नाय. धर्म बौद्ध, आणि अनुसूचित जातीचा प्रश्न आला की यादीतलं नाव. दोन्ही. हे माझं मत. पटलं नाय तर भांडा, पण न बोलता रकाना मोकळा सोडू नका.

आणखी एक. गणती फेब्रुवारीत, शिमगा त्यानंतर. म्हंजे गाव रिकामं असताना गाव मोजलं जाणार. तिथं राहणार म्हाताऱ्या. या वेळी माहिती मोबाईलवर भरली जाणार आहे. तिच्या हातात ना कागद ना पेन्सिल. समोरच्यानं काय दाबलं ते तिला कळणार कसं?

आणि माणसं मोजायची कधी? मेल्यावर? जुलै 2005 ला जुई, दासगाव, रोहन, कोंडीवते इथं दरडी आल्या. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल गेला, त्याच्यासंगं दोन एस.टी. गाड्या गेल्या. 22 जुलै 2021 ला तळियेत ऐंशीच्या वर माणसं गाडली गेली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड आली. तेव्हा सगळे अधिकारी वाडीपर्यंत पोचले, याद्या झाल्या, नावं बिनचूक लिहिली. जित्या माणसाच्या यादीसाठी इतकी धावपळ मी पाहिलेली नाय.

म्हणून काम सांगतो. महाडला जाताय, चवदार तळ्याला जा. तिथनं घोषणा देत परत फिरू नका. गांधारपाल्याची लेणी बघा, हायवेवरनं दिसतात. मग आणखी एक एस.टी. पकडा आणि पोलादपूरला उतरा. आपापल्या वाडीत जा. वहीत लिहा : घरं किती, माणसं किती, इथं किती, मुंबईत किती, पाणी कुठनं, किती पावलं, डोंगराला भेग आहे का. आणि आजीला शिकवा, गणतीवाला आला की म्हणायचं, ‘बाबा, काय भरलंस ते वाचून दाखव.’

शंभर वर्षांपूर्वी आपल्या माणसांनी पाण्याला हात लावला. आपण निदान वही-पेन्सिलीला लावू.

जयभीम.