धार काढणारे हात जपा



जनावरांच्या दुखण्याविषयी आपण नेहमीच बोलतो. आज बोलायचं आहे ते धार काढणाऱ्या माणसाच्या हाताविषयी.

उजनी धरण १९८० साली पुरं झालं. जेऊरच्या बाजूला ऊस वाढला, वाढं-वैरण मिळू लागली, दावणीला जनावरं वाढली. धारा काढणारे हात मात्र घरात तेवढेच राहिले, आणि ते बहुधा बाईचेच. पहाटे चार-पाच म्हशींच्या धारा, मग भाकऱ्या, खुरपणी, धुणं आणि सांजेला पुन्हा धारा. मनगटाला विसावा कसा तो नाही.

माझ्या वहिनीचंच सांगतो. रात्री हाताला मुंग्या यायच्या. झोपेतून उठून ती हात झटकत बसायची. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायची. घरचे म्हणाले, वारं असेल. तेल चोळून झालं. कुणी डाग द्यायलाही सांगितलं. एक दिवस भरलेली चरवी हातातून सुटली, तेव्हा दवाखाना गाठला. मनगटातल्या अरुंद वाटेनं एक मज्जातंतू बोटांकडे जातो. एकसारखं पिळून तिथं सूज येते आणि तो दाबला जातो. छोटी शस्त्रक्रिया करावी लागली. मुंग्या थांबल्या, पण अंगठ्याच्या मुळाशी झिजलेलं मांस पुरतं भरून आलं नाही. उशीर झाला होता.

हे टाळता येतं. पहिली गोष्ट पद्धतीची. पुष्कळ लोक अंगठा मुडपून त्याच्या सांध्यावर सड दाबतात. यानं अंगठा दुखतो आणि सडालाही इजा होते. त्याऐवजी पूर्ण मुठीनं धार काढा. अंगठा व पहिल्या बोटानं सड वरच्या बाजूला बंद करा, मग बाकीची बोटं एकामागून एक मिटा. सड ओढू नका. मनगट सरळ ठेवा, ते वाकवून पिळू नका. चिमटीनं धार काढायची ती सड फारच आखूड असतील तेव्हा.

दुसरी गोष्ट पान्ह्याची. गाईपेक्षा म्हशीची धार जड. कास कोमट पाण्यानं धुवा, पुसा, रेडकू थोडं पाजा. पान्हा नीट सुटला म्हणजे हाताला जोर कमी लागतो.

तिसरी गोष्ट वाटणीची. धारा काढणं बाईचंच काम, असं कुठं लिहून ठेवलेलं नाही. गड्यांनी, पोरांनी दोन-दोन जनावरं वाटून घ्यावीत. जनावरं जास्त असतील तर धारा काढायच्या यंत्राचा विचार करावा.

दुखऱ्या हातानं धार अर्धवट निघते. कासेत दूध राहतं, मग दगडीचं भय. म्हणजे हात गेला की दूधही गेलं.

रात्री मुंग्या येऊ लागल्या की थांबू नका. डॉक्टर सांगतील तसा मनगटाला पट्टा बांधून झोपा. सुरुवातीला एवढ्यानंही पुष्कळांना उतार पडतो. गरोदरपणात आणि मधुमेहात हा त्रास अधिक दिसतो, तेव्हा तीही तपासणी करून घ्या. डाग मात्र देऊ नका.

म्हशीच्या सडाला चीर पडली तर आपण त्याच दिवशी डॉक्टरांना बोलावतो. तेवढीच घाई घरच्या बाईच्या हातासाठी करा.