घरांत आलेली लक्ष्मी

चित्र मनाला भिडतें तें पुष्कळदां चित्रकाराच्या हस्तकौशल्यापेक्षां त्यानें केलेल्या निवडीमुळें. राजा रविवर्मा यांची लक्ष्मी श्रोत्यांपैकीं अनेकांनीं आजोळीं पाहिली असेल. चार हात, कमळ, बाजूस हत्ती हीं लक्षणें परंपरेचीं. परंतु अंगावर जरीकांठी लुगडें, आणि दृष्टि सरळ पाहणाराकडे! देवता घरांतल्या सुवासिनीसारखी दिसूं लागली.

आनंद कुमारस्वामी यांनीं या चित्रकलेंत नाटकीपणा व कल्पनेचें दारिद्र्य पाहिलें. आक्षेप अगदींच निराधार नव्हे. मात्र तो चित्रशाळेंतल्या प्रेक्षकाचा होता.

१८९४ सालीं मुंबईस या चित्रांसाठीं शिळाछापखाना निघाला. प्रत्येक रंगाला निराळा दगड. एकावर एक रंग चढे, तेव्हां कोठें लक्ष्मीचें मुख उजळे. पुढें छापखाना मळवलीस गेला, कर्जापायीं श्लायखर नांवाच्या जर्मन तंत्रज्ञास विकावाही लागला. चित्रें मात्र निघतच राहिलीं. ज्यांना देवळाची पायरी चढूं दिली जात नसे, त्यांच्याही घरीं तीं पोहोंचलीं, कांचेच्या चौकटींत बसलीं, आणि त्यांच्यापुढें निरांजनें लागलीं.