छंदाची पाळी आणि चळवळीची पाळी



चालकांनी आम्हांला विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा बोनस, महागाई किंवा नवे कामगार कायदे ह्यांपैकी एखाद्या विषयाची त्यांची अपेक्षा असावी. संघटनेच्या कचेरीत उमेद घालवलेल्या माणसाकडून दुसरे काय अपेक्षावे? परंतु आज आम्ही दिसायला लहान असा एक प्रश्न आपल्यापुढे मांडणार आहोत. चळवळीत पडलेल्या माणसाने छंद बाळगावा काय, आणि बाळगला तर त्याला किती वेळ द्यावा?

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे शिक्षण कामगार वाचनालयाने आणि सभांनी केले. त्यामुळे हा प्रश्न आम्हांला ग्रंथात न भेटता शाखेच्या बैठकीत भेटला. आमच्या शाखेचा सहचिटणीस एक तरुण आहे. दिवसा गोदामात काम करतो, संध्याकाळी संघटनेचे काम पाहतो, वस्तीतल्या पाण्याच्या आणि रेशनच्या तक्रारीही लिहून देतो. हा तरुण आणि त्याचे दोन मित्र खेळांविषयी एक पॉडकास्ट चालवतात. ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी सांगतो: आपण रेडिओवर संवाद ऐकत होतो, तसाच हा संवाद. फरक इतकाच की तो घरच्या घरी मुद्रित करून मोबाइलवर पाठवता येतो आणि ऐकणारा आपल्या सवडीने ऐकतो. संगणकावरचे खेळ, पटावरचे खेळ, कोणता डाव कसा बांधला आहे, ह्याची चर्चा ही मुले करतात. तासाभराच्या एका भागामागे तयारी, मुद्रण आणि कापाकापी धरून पाच-सहा तास जातात, असा त्याचा हिशोब आहे.

एकदा त्याने बैठकीला येत नसल्याचे कळवले, आणि कारण प्रामाणिकपणे लिहिले. एक ज्येष्ठ सहकारी उसळून म्हणाले, "मोर्चाला माणसे मिळेनात आणि ह्यांना सोंगट्यांच्या गप्पा सुचतात!" सहकाऱ्याच्या रागात खोटेपणा नव्हता, आणि तरुणाच्या उत्तरातही नव्हता. आम्ही त्या वेळी जे सांगितले, तेच आज जरा विस्ताराने सांगतो.

मोकळा वेळ आला कोठून?

प्रथम हे पाहू, की ज्या वेळेवरून हा वाद झाला तो वेळ आला कोठून. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि हजारो सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या कोणत्या? रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सूर्यास्तापर्यंतच, आणि पगार वेळेवर. ह्यांपैकी तीन मागण्या वेळेच्या आहेत, हे ध्यानात घ्या. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांची सभा झाली, तीत दोन स्त्री कामगारही बोलल्या, आणि त्या वर्षीच्या १० जूनला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज ज्या रविवारी आपण आळसावून उशिरा उठतो, तो रविवार पंचांगातून आपोआप आलेला नाही.

त्याआधी चार वर्षे, १ मे १८८६ पासून, अमेरिकेतील कामगार आठ तासांच्या दिवसासाठी संपावर गेले होते. त्यांच्या मागणीचे तीन भाग होते: आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःच्या मर्जीचे. तिसऱ्या भागाकडे आपले लक्ष फारसे जात नाही. तो भाग कोणत्या कामासाठी, हे त्यांनी लिहून दिले नव्हते. मर्जीचे म्हणजे मर्जीचे!

आपल्याकडे हा वेळ इंचाइंचाने मिळाला. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुष कामगाराचा दिवस १२ तासांचा ठरला, १९२२ मध्ये ११ तासांचा, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांत १० तासांचा आणि १९४६ मध्ये ९ तासांचा. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे ४८ तास कायम केले. म्हणजे दिवसाचे तीन तास सुटायला पस्तीस वर्षे लागली. तेव्हा एखादा कामगार संध्याकाळी पट मांडून बसला की तो चळवळीचा वेळ चोरतो, असे आम्हांला वाटत नाही. चळवळीने जे मिळवले त्याचाच तो उपभोग घेत असतो. पेरणाऱ्याने पीक खाऊ नये, असा दंडक कोठल्या शेतकऱ्याने घातला आहे?

ह्या वेळाचे पूर्वजांनी काय केले?

गिरणगावात कबड्डीचे संघ होते, व्यायामशाळा होत्या, भजनी मंडळे होती. चाळीच्या गॅलरीत कॅरमभोवती घोळका जमे. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर ह्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. त्याआधी, १९४१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत मुले येत ती पुष्कळदा खेळाच्या ओढीने. विचार मागाहून येई. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधी निर्माण झाला आणि कामगारांच्या नाट्यस्पर्धांना आधार मिळाला. युरोपातल्या कामगारांनी तर आपले स्वतंत्र क्रीडामहोत्सवच भरवले: १९२५ साली फ्रँकफुर्टला, १९३१ साली व्हिएन्नाला आणि १९३७ साली अँटवर्पला.

कोणी म्हणेल, ती सारी सामुदायिक करमणूक होती, हा तर खाजगी छंद. मग रोझा लुक्झेंबुर्गचे उदाहरण घ्या. १९१३ पासून ती फुले-पाने वाळवून वह्यांत चिकटवत होती. महायुद्धाला विरोध केला म्हणून तुरुंगात पडली, तेथेही तिने हा उद्योग सोडला नाही. त्या वह्यांनी कोणतीही क्रांती झाली नाही. परंतु त्या वह्या करणारी बाई तुरुंगात मनाने मोडली नाही, हे आपण जाणतो.

ज्याला कामाबाहेर काहीही आवडत नाही, असा कार्यकर्ता लवकर कोरडा पडतो, हा आमचा अनुभव आहे. त्याला माणसे दिसेनाशी होतात, फक्त सभासद दिसतात. तो थकतो, आणि थकला की कडवट होतो. कडवट माणसाच्या शाखेत नवा तरुण दुसऱ्या बैठकीला येत नाही.

परंतु शब्द पाळला पाहिजे

इथपर्यंत ऐकून तरुण मंडळी खूश झाली असतील. त्यांना आता दुसरी बाजू ऐकवतो. मोकळा वेळ आपला असला तरी दिलेला शब्द दुसऱ्याचा असतो. कामावरून काढलेल्या माणसाला "उद्या सहाला ये, अर्ज लिहून देतो" असे सांगितले, आणि सहाला आपण ध्वनिमुद्रणाला बसलो, तर तेथे छंदाचे समर्थन चालत नाही. त्या माणसाच्या घरची चूल त्या अर्जावर अवलंबून आहे. पॉडकास्टचा भाग आठवडाभर उशिरा निघाला तर ऐकणारे कुरकुरतील, उपाशी राहणार नाहीत. म्हणून आमची पहिली कसोटी ही: कोणते काम थांबले तर कोणाचे काय बुडते? जेथे दुसऱ्याचे बुडते तेथे छंदाने वाट द्यावी. जेथे केवळ आपली हजेरी बुडते, तेथे छंदालाही मान द्यावा.

दुसरी कसोटी अशी, की थोडे घ्यावे पण पुरे करावे. पाच समित्यांवर नाव लावून एकीलाही न जाणाऱ्यापेक्षा एका समितीचे जमाखर्च चोख ठेवणारा माणूस संघटनेला अधिक उपयोगी पडतो. त्या तरुणाला आम्ही हेच सांगितले. तक्रारींचे काम तुझे, ते मंगळवारी आणि शुक्रवारी. त्या दोन संध्याकाळी दुसरे काही नाही. उरलेल्या संध्याकाळींचा हिशोब आम्ही मागणार नाही.

आणि ज्येष्ठांनाही काही सांगणे आहे. गिरणीत साच्यावरचा माणूस आला नाही तर बदली उभा राही. साचा बंद राहत नसे. संघटनेच्या कामाला मात्र आपण बदली तयार करत नाही. चिटणीस आजारी पडला की शाखा आजारी. मग आपण त्यागाची स्तुती करतो, आणि एकाच माणसाला दोन पाळ्या ओढायला लावतो. मालकाने असे केले असते तर आपण दारावर निदर्शने केली असती! प्रत्येक कामाला एक बदली शिकवून ठेवा, बैठक वेळेवर सुरू करा आणि वेळेवर संपवा. सातची बैठक आठला सुरू करून दहापर्यंत लांबवणाऱ्याने तरुणांच्या बेशिस्तीवर बोलू नये.

खेळ श्रमाच्या बाहेर नाही

खेळ म्हणजे जगाकडे पाठ फिरवणे, असाही एक समज आहे. त्या सहचिटणिसाच्या कार्यक्रमातूनच आम्हांला एक हकीकत कळली आणि मग ती आम्ही वाचून घेतली. घरे विकत घ्यायची, भाडे वसूल करायचे, दुसऱ्याला कंगाल करायचे, असा जो 'व्यापार' आपली मुले सुट्टीत खेळतात, त्याच्या कुळाचे मूळ अमेरिकेत आहे. एलिझाबेथ मॅगी नावाच्या बाईने १९०४ साली अशा पटाचा हक्क नोंदवला. जमीनदार नुसत्या मालकीच्या जोरावर कसा गबर होतो, हे लोकांना कळावे, हा तिचा हेतू होता. पुढे १९३५ साली एका कंपनीने तिच्याकडून पटाचा हक्क ५०० डॉलरला घेतला आणि त्याच कुळीतला 'मोनोपॉली' जगभर विकला. जमीनदारीवर टीका करणारा पट जमीनदारीची हौस भागवणारा झाला! भाडे आणि मालकी ह्यांचा इतका सोपा धडा आम्हांला कोणत्याही शिबिरात मिळाला नव्हता.

संगणकाचे खेळही आभाळातून पडत नाहीत. ते माणसे घडवतात, आणि मुदत जवळ आली की त्यांना रात्ररात्र राबावे लागते. मे २०२२ मध्ये अमेरिकेतील रेव्हन सॉफ्टवेअर ह्या कंपनीत खेळांतले दोष तपासणाऱ्या कामगारांनी १९ विरुद्ध ३ मतांनी संघटनेचा कौल दिला. जुलै २०२४ मध्ये तेथील खेळांना आवाज आणि हालचाली देणारे कलावंत संपावर गेले. कृत्रिम बुद्धिमत्तेने आपला आवाज परस्पर वापरू नये, ही त्यांची मुख्य तक्रार होती. जवळजवळ वर्षभर तो संप चालला. खेळणाऱ्याला खेळ घडवणाऱ्याची ओळख झाली, तर त्यात चळवळीचे नुकसान कोणते?

खेळात खड्डेही आहेत. गिरणगावात मटक्याने कित्येकांचे पगार गिळले. तोच मटका नवा पोशाख घालून मोबाइलमध्ये शिरला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा करावा लागला. डाव आणि जुगार ह्यांतला फरक खेळणारा माणूस जितक्या अधिकाराने सांगेल, तितका आम्ही व्यासपीठावरून सांगू शकणार नाही. तथापि प्रत्येक भागाच्या शेवटी संघटनेची घोषणा लावा, असा आग्रह आम्ही धरत नाही. छंदाला पत्रक करून टाकले की छंदही जातो आणि पत्रकही कोणी वाचत नाही.

हा वेळ कोणाच्या खर्चाने?

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते तो सर्वांत महत्त्वाचा. छंद आणि चळवळ ह्यांच्यात वेळ वाटून घेताना पुरुष दोनच वाटे धरतो. घर हा तिसरा वाटा तो हिशोबातच धरत नाही. संध्याकाळी तो बैठकीला गेला काय, पट मांडून बसला काय, भाकरी दोन्ही वेळा दुसऱ्याच कोणी थापलेली असते. महालक्ष्मीच्या मैदानावर बोललेल्या त्या दोघी जणी सभा संपल्यावर घरी जाऊन काय करत बसल्या असतील, ह्याची कल्पना करा. मिळालेला रविवार त्यांच्या वाट्याला किती आला असेल? ज्या घरात बाईला आठवड्यातून एक संध्याकाळ स्वतःच्या मर्जीची मिळत नाही, त्या घरातल्या पुरुषाचा समतोल हा उसन्या वेळावरचा समतोल आहे. चळवळीतल्या माणसाने हे उसने आधी फेडावे. आमच्या शाखेत बैठकीच्या दिवशी घरी स्वयंपाक कोण करणार, हा प्रश्न आता उघडपणे विचारला जातो. काहींना हसू येते, परंतु विचारला जातो.

बंधुभगिनींनो, सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील कामाच्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. १९११ चा आकडा पुन्हा कागदावर आला. ह्याच्याशी झुंजायचे तर संघटना हवी, हे उघड आहे. परंतु आम्हांला असेही वाटते की ज्याला संध्याकाळचे काही करायचेच नाही, तो ती संध्याकाळ वाचवण्यासाठी फार काळ लढणार नाही. ज्याचा पट मांडलेला आहे, मित्र वाट पाहत आहेत, तालीम लागलेली आहे, तोच "सुट्टी झाली, आता यंत्र बंद" असे ठासून सांगेल. तो तरुण सहचिटणीस आम्हांला म्हणून अधिक भरवशाचा वाटतो.

आणि आपणही दिवसभराची कामे उरकून येथे येऊन बसला आहात. ही संध्याकाळसुद्धा कोणीतरी लढून मिळवलेल्या वेळातलीच आहे.