पगार सरकारी, दौरा पक्षाचा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापूस-ज्वारीच्या मेळाव्यात मंत्र्यांच्या विमानाची गोष्ट कशाला, असे तुम्ही म्हणाल. ५ मार्च २०१२ ला केंद्र सरकारने एका आदेशाने कापसाची निर्यात बंद केली. तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री शरद पवार यांनी जाहीर सांगितले की, या निर्णयाची आपल्याला कल्पना नव्हती. ओरड झाल्यावर आठवडाभरात बंदी सैल करावी लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये आयात कापसावरचे ११ टक्के शुल्क असेच माफ झाले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे ऐन वेचणीच्या हंगामात! असले कागद एका दिवसात निघतात. त्या दिवशी खात्याचा मंत्री कुठे आहे आणि कोणाच्या कामावर आहे, हे आपण विचारायचे नाही तर कोणी?

आधी पगाराचे पाहू. केंद्रीय मंत्र्यांच्या वेतन-भत्त्यांचा कायदा १९५२ चा आहे. त्याप्रमाणे मंत्र्याला खासदाराच्या दराने दरमहा पगार मिळतो आणि पदावर असेपर्यंत प्रत्येक दिवसाचा दैनिक भत्ता मिळतो. १ एप्रिल २०२३ पासून खासदाराचा पगार १,२४,००० रुपये आणि दैनिक भत्ता २,५०० रुपये ठरला आहे. मंत्री दिल्लीत असो की लंडनमध्ये, पगार चालूच. राज्यघटनेत मंत्र्याच्या रजेचे कलम नाही. आपल्या सालगड्याचा एक दिवस पडला तर आपण खाडा मांडतो. मंत्र्याच्या वहीत खाड्याचा रकानाच नाही.

पगार कापा, अशी आपली मागणी नाही. आपले म्हणणे एवढेच, की पगार चोवीस तास चालू असेल तर जबाबदारीही चोवीस तास चालू आहे. पक्षाच्या कामाला परदेशी गेलो होतो, ही सबब चालणार नाही.

आता खर्चाचे. त्याच कायद्याच्या कलम ६ प्रमाणे दौऱ्याचा प्रवासखर्च मिळतो, तो सरकारी कर्तव्यासाठी केलेल्या दौऱ्याचा. घोळ होतो तो मिसळीच्या दौऱ्यात. भाजपच्या काय आणि काँग्रेसच्या काय, परदेशात पाठीराख्यांच्या संघटना आहेत. सकाळी सरकारी बैठक, संध्याकाळी पक्षाची सभा. तिकीट तेच, हॉटेल तेच, सोबतचे अधिकारीही तेच. मालकाची बैलजोडी सोयऱ्याच्या शेतात डवरणीला गेली, तर वैरण कोणी घालायची?

ब्रिटनच्या मंत्र्यांसाठी लेखी आचारसंहिता आहे. दौऱ्यात सरकारी आणि पक्षाचे काम दोन्ही असेल, तर खात्याने आणि पक्षाने आपापला वाटा भरायचा, असे तिच्यात स्पष्ट आहे. आपल्याकडे सरकारी दौऱ्याला प्रचार जोडू नये असे निवडणूक आयोगाची आचारसंहिता सांगते, पण ती निवडणूक जाहीर झाल्यापासून संपेपर्यंतच. बाकीची साडेचार-पावणेपाच वर्षे रान मोकळे!

नियम पाळायला लावले तर काय होते, तेही ऐका. ब्रिटनच्या मंत्री प्रीती पटेल ऑगस्ट २०१७ मध्ये सुटीवर म्हणून इस्रायलला गेल्या. तिथे त्यांनी पंतप्रधानांसह बारा भेटीगाठी घेतल्या. सोबत त्यांच्या पक्षातल्या इस्रायल-मित्र मंडळाचे मानद अध्यक्ष होते. परराष्ट्र खात्याला आधी खबर नव्हती. गोष्ट उघड झाली, आफ्रिकेच्या दौऱ्यातून त्यांना परत बोलावले गेले आणि ८ नोव्हेंबर २०१७ ला राजीनामा द्यावा लागला. सुटीवर असली तरी मंत्री ही मंत्रीच असते.

दुसरे उदाहरण देशातल्या देशातल्या प्रवासाचे. ऑस्ट्रेलियाच्या लोकसभाध्यक्षा ब्रॉन्विन बिशप पक्षाच्या निधी-संकलनाला मेलबर्नहून जिलाँगला सरकारी खर्चाने हेलिकॉप्टरने गेल्या. अंतर सुमारे ८० किलोमीटर, बिल ५,२२७ डॉलर. २ ऑगस्ट २०१५ ला पद गेले. २०१७ मध्ये तिथे खासदारांचा खर्च तपासणारी स्वतंत्र यंत्रणाही उभी राहिली.

कोणी म्हणेल, मंत्री पक्षातूनच येतो, त्याने पक्षाचे काम करायचेच नाही का? जरूर करावे. पण पक्षाच्या पैशाने, आणि सांगून.

म्हणून आपल्या तीन मागण्या. परदेश दौऱ्याआधी सरकारी काम कोणते आणि पक्षाचे कोणते, हे जाहीर करा. पक्षाच्या कामाचा वाटा पक्षाकडून वसूल करा. मंत्री बाहेर असताना खात्याच्या सह्या कोण करणार, त्याचे नाव लेखी जाहीर करा.

नुसत्या मागण्यांनी भागणार नाही. केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ ला सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराच्या कायद्याखाली येतात असा निर्णय दिला, पण पक्षांनी तो जुमानला नाही. तेव्हा अर्ज पक्षाकडे नको, मंत्रालयाकडे करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. दौऱ्याच्या तारखा, मंजूर कार्यक्रम, सोबतची माणसे, एकूण खर्च आणि पक्षाकडून वसूल झालेली रक्कम, एवढेच विचारा. कृषी, वस्त्रोद्योग आणि वाणिज्य या तीन खात्यांपासून सुरुवात करू. प्रत्येक तालुक्याने एक अर्ज करावा आणि उत्तराची प्रत पुढच्या बैठकीला आणावी. उत्तर आले नाही, तर अपिलाचा अर्ज त्याच बैठकीत बसून लिहू.